गाळलेला ठिपका

या मायबापहो, जरा सरकून जवळ बसा. एका नकाशावाल्याची गोष्ट सांगतो.

कोणता देश कोणाला शस्त्रं विकतो आणि त्या शस्त्रांनी कुठे लढाया पेटतात, याचा नकाशा त्यानं केला होता. शस्त्रांना रेषा, मेलेल्यांना तांबडे ठिपके. एका चिमुकल्या देशात नऊशे चाळीस माणसं मेली होती. पण तिथला ठिपका शेजारच्या देशाच्या नावावर चढत होता, दिसायला वाईट. म्हणून त्यानं नियमच करून टाकला, हजाराच्या आत ठिपका नाही.

"आता कसं डोळ्यांत भरतंय," मोठे साहेब म्हणाले आणि नकाशा भिंतीवर लागला.

भर दुपारी नकाशावरच्या त्या ठिपक्याच्या रिकाम्या जागेतून टकटक सुरू झाली. शेजारणीनं काही मागायला यावं, तशी अदबीची.

"भिंतीपलीकडे कोण आहे रे?" त्यानं शिपायाला विचारलं.

"चौथ्या मजल्यावर, दादा? कावळे असतील."

शिपाई गेल्यावर त्यानं कागदाला कान लावला. टकटक थांबली. शरमेनं त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"चुकलं माझं," तो पुटपुटला. "ठिपका परत देतो."

"राहू दे बाळा," कागदातून एक म्हातारी म्हणाली. "कशाला तुझं चित्र बिघडवतोस? आम्ही अशी कितीशी माणसं?"

मायबापहो, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या म्हातारीची आठवण ठेवा.