दक्षिणेची भिंत

"जागा रिकामी करून द्या, मग बघा काम कसं पळतं ते!" असं ऐटीत सांगून केतकीने मोजणी कार्यालयातली सगळी माणसं मागच्या शेडमध्ये हलवली होती. आता नव्या इमारतीची दक्षिणेची भिंत कमरेएवढ्या उंचीवर रुसून बसली होती, आणि जुनं छत तर उद्याच उतरवायचं होतं; त्याआधी भिंत तुळईपर्यंत चढायला हवी होती. शेवाळाच्या जिवंत भिंतीचं पोट माणसांच्या उच्छ्वासावर भरतं, हे इंजिनिअर असून ती घाईत विसरली होती.

"लाटकरकाका, सगळ्यांना घेऊन परत या. इथे बसून भरपूर बोला," तिने विनवलं.

लाटकर म्हणजे बडबडीपायी दोनदा मेमो खाल्लेला माणूस. पण भिंतीपाशी खुर्ची टाकून बसले आणि त्यांनाच काही सुचेना.

"मॅडम, हुकमावर काय बोलायचं?"

बाकीचेही गप्पच. शेजारच्या जुन्या खांबावर 'शांतता राखा' अशी पाटी होती.

केतकी जरा घुटमळली. मग जाता जाता सहज म्हणाली, "या महिन्यात बदल्या होणार म्हणे."

कोणाची, कुठे, कोणाच्या वशिल्याने! सगळं ऑफिस असं काही तावातावाने बोलू लागलं की चहा कपातच निवला. भिंत हिरवीगार फुगत, घट्ट होत वर चढू लागली. संध्याकाळी ती तुळईला टेकली, तेव्हा खांबावरची पाटी तिने केव्हाच गिळली होती.

लाटकर बसलेल्या घशाने विचारायला आले, "मॅडम, खरं सांगा, माझी बदली कुठे?"

"इथेच, काका," केतकी हसली. "उत्तरेची भिंत अजून बाकी आहे."