चालवणाऱ्याचं वजन

“शिवणयंत्र,” डेल्बर्ट म्हणाला. “सरळ सांग ना, तुला गाडी नकोय. शिवणयंत्र हवंय.”

व्हर्ल होस्टेटलरच्या वर्कशॉपमधल्या काउंटरवर कॅमशाफ्टचा, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्यांचा, कॅटलॉग उघडा पडला होता आणि मार्लाचं बोट पानाच्या अगदी वरच्या ओळीवर होतं, सगळ्यांत सौम्य कॅमवर. तिच्या वडिलांना, डेल्बर्टला, पानाच्या तळाचा, सगळ्यांत मोठा हवा होता.

कोकोमो गावात सगळ्यांना तळाचाच हवा असतो. तो घातला की उभ्या गाडीतही इंजिन अडखळत, धडधडत, गुरगुरत राहतं. शनिवारी संध्याकाळी मेन स्ट्रीटवर गाड्यांची रांग लागली की दुकानांच्या काचा थरथरायच्या, आणि लोक मान न वळवता म्हणायचे, डेल्बर्ट आला. सव्वीस वर्षं म्हणत होते.

मग गेल्या फेब्रुवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय तेव्हापासून त्याचं ऐकेनात. आपली ती शेव्हेल गाडी त्याने मुलीच्या नावावर केली आणि पुन्हा तिच्यात बसला नाही. मार्लाच्या शेजारच्या सीटवरसुद्धा नाही. “मी काय किराण्याची पिशवी आहे?” एवढंच म्हणायचा. या हिवाळ्यात मार्लाने इंजिन खोललं, तेव्हा जुना कॅम झिजलेला निघाला. आज डेल्बर्ट काठी टेकत आला होता तो फक्त त्या आवाजासाठी. निदान तेवढा तरी गावात राहावा.

“व्हर्ल, तू सांग हिला,” तो म्हणाला. “आधी माझा चार गिअरचा बॉक्स काढून ऑटोमॅटिक घातला. मग स्टिअरिंगला ती मूठ बसवली, ट्रॅक्टरला असते तसली. आता हा कॅम. माझी गाडी आणि ही तिला चर्चला जायची गाडी करून ठेवतेय.”

“ऑटोमॅटिकला मोठा कॅम मानवत नाही रे,” व्हर्ल म्हणाला. “सिग्नलला गाडी पुढे रेटत राहते. शिवाय ब्रेकला इंजिनाची मदत मिळत नाही. पेडलचा दगड होतो. विसरलास? दोन्ही पाय देऊन उभा राहायचास त्याच्यावर.”

“राहायचो. कुणाची मदत नको होती मला.”

हे बोलून झाल्यावर त्याने काठी जरा जवळ ओढली.

“डॅडी, व्हर्लकाकांना कार्ड भरू द्या,” मार्ला म्हणाली.

कॅम बनवणाऱ्या कंपनीला कार्ड पाठवायचं असे. त्यावर गाडीची सगळी माहिती भरायची, मग ते त्याप्रमाणे कॅम कातून देत. एकदा कातला की परत घेत नसत. व्हर्ल हे कार्ड नेहमी पेन्सिलीने भरी. गिऱ्हाईक पहिल्या फेरीत खोटं बोलतं, हा त्याचा चाळीस वर्षांचा अनुभव होता. आठवड्यातून एकदा दूध आणायला जाणारी गाडीसुद्धा लोक शर्यतीची म्हणून सांगत.

“गाडी वापरणार कशाला?” त्याने विचारलं.

“रोजच्याला. किराणा, न्हावी. शनिवारी मेन स्ट्रीट.”

“न्हावी!” डेल्बर्ट खिंकाळल्यासारखा हसला. “तू कधीपासून न्हाव्याकडे जायला लागलीस? दाढी येते की काय तुला?”

मार्ला कॅटलॉगकडेच बघत राहिली. व्हर्लने लिहून घेतलं. टायर लिहिले, मागच्या धुऱ्याच्या गिअरचं प्रमाण लिहिलं, गाडीचं वजन लिहिलं.

“चालवणाऱ्याचं वजन?”

“दोनशे तीस पौंड.”

पेन्सिल थांबली. व्हर्लने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. कारखान्यातले जड बूट धरूनही ती एकशेवीसच्या वर भरली नसती.

“पोरी, खोटं बोलायचंच तर जरा बेताचं बोल.”

“खोटं नाही काका. दोनशे तीस लिहा.”

डेल्बर्ट पुन्हा हसायला लागला. “बघ व्हर्ल, एवढं वजन तर माझं...”

हसू तिथेच राहिलं. त्याने मार्लाकडे पाहिलं. तिने नजर वर केली नाही, पण तिचे कान लाल झाले होते. लहानपणी काही चोरून केलं की व्हायचे तसे. मागच्या खोलीत लेथ फिरत होतं. डेल्बर्टचा उजवा हात काठीवरून उठला आणि हवेतच, एकट्यानेच, एखादी मूठ धरून फिरवावी तसा हळूच फिरला. व्हर्लने ते पाहिलं आणि उगाच पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

“आणि डॉक्टर?” डेल्बर्टने विचारलं.

“मार्चमध्येच पत्र आलंय त्यांचं. एका हाताने नि एका पायाने चालेल अशी गाडी असली तर लायसन्सची परीक्षा द्या म्हणतात. तुम्ही पाकीट फोडलंच नाहीत. शेवटी मीच फोडलं.”

कॅटलॉग डेल्बर्टने आपल्याकडे ओढला, आणि ज्या ओळीकडे त्याने उभ्या आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं ती ओळ वाचू लागला. ओठ हलवत, एकेक आकडा.

“आवाज अगदीच नाही का रे याला?”

“आहे थोडा,” व्हर्ल म्हणाला. “आत बसलेल्याला ऐकू येईल.”

डेल्बर्टने मान हलवली. मग काठीच्या टोकाने कार्डावर टकटक केलं.

“ते दोनशे तीस खोड. दवाखान्यातून आल्यापासून दोनशे आठ भरतो मी.”