लाल मूठ

काइटबोर्डिंग, म्हणजे पतंगाच्या ओढीने फळीवरून पाणी कापत जाणं, शिकवणारा रुझार आजही मला पाण्यात उतरू देईना. कमरेला पट्टा, पट्ट्यावर पोटापुढे लाल मूठ, डोक्यावर त्याचा पतंग, आणि त्याचं एकच पालुपद: “लाल मूठ ढकला, पतंग सोडा.”

माझा नवाकोरा, मोठा पतंग त्याने जीपमध्येच ठेवायला लावला होता. स्वतःचा जुना, ठिगळं लावलेला माझ्या माथी मारायचा डाव असणार. शिवाय या लंगडत्या माणसाला फळीवर उभं राहिलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

“तुम्हाला तरी येतं का हो?” मी विचारलं.

“आधी सोडूक शिका.”

तेवढ्यात वारा फिरला. पतंगाने मला खडकांकडे फरफटत नेलं. विचार करायच्या आत हाताने मूठ ढकलली. पतंग सुटून वाळूत लोळला.

मी मागे वळले. रुझारचा हात स्वतःच्या पोटापुढे, नसलेली मूठ अजूनही ढकलत होता.