मुठीजवळचा सांधा

"पातं सरळ हाय, पाणी बी बराबर दिलंस," नवशिक्या विश्वंभरनं घडवलेली पहिली सुरी पारखत म्हातारा सटवाजी लोहार म्हणाला. मुठीजवळ त्याचा अंगठा थांबला. "हा सांधा काहून?"

"लोखंडातच व्हता, काका. बाळापूरच्या भंगारात टेम्पोच्या कमानीचा जुना पाटा भेटला, त्याचीच केली."

सटवाजीनं आपल्या हातचा सांधा ओळखला. नवा घेऊ न देता त्यानंच स्वतःच्या पोराच्या टेम्पोचा तुटका पाटा सांधून दिला होता. तिसऱ्या दिवशी टेम्पो उलटून पोरगं गेलं, आणि आपलाच सांधा तुटला असं धरून सटवाजीनं भट्टी कायमची विझवली.

"इथंच तुटलेला व्हता ना?"

"न्हाई. पाटा अख्खाच व्हता. सुरीसाठी मीच कापला."

सटवाजी सुरी सोडेना. "मंग त्या दिवशी काय तुटलं?"