दाट

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर तो झाडं काढत बसला होता. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद, हातात पेन्सिलीचं बोटभर थोटूक. शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणं हा त्याचा रोजचा उद्योग. पण हे काम बायकोने लावून दिलं होतं. आत नेताना म्हणाली होती, "आपण पाहिलं ते जुनं रान काढून ठेव. उगाच येरझाऱ्या घालू नकोस."

म्हणून आता पेन्सिल येरझाऱ्या घालत होती.

म्हातारी झाडं. कुणाच्या खोडात माणूस मावेल एवढी ढोली, कुणाची मुळं दगडाला विळखा घालून बसलेली. डॉक्टरांनी सांगितलेली वेळ केव्हाच टळून गेली होती. दार उघडलं की तो दचके. कधी नर्स बाहेर येई, कधी रिकामं स्ट्रेचर. दार बंद झालं की तो आणखी एक झाड काढी.

"भावोजी, चहा घ्या ना," मेहुणी म्हणाली.

"ठेव."

"मघाचाही तसाच आहे. साय धरलीय त्यावर."

त्याने मान वर केली नाही. ती शेजारी टेकली, कागदाकडे बघत राहिली.

"केवढं दाट काढलंत! ताई तर म्हणायची, तिथे पायवाट होती. ती कुठाय?"

पेन्सिल थांबली. त्याने चित्र जरा लांब धरलं. खोडाला खोड भिडलेलं. बोट शिरायलाही फट नव्हती.

"राहिलीच," तो म्हणाला.

तो खिसे चाचपू लागला. एका खिशातून बायकोचा चष्मा निघाला, रुमालात गुंडाळलेली तिची अंगठी निघाली. शेवटी खोडरबर सापडलं. खालच्या कडेपासून तो झाडं पुसू लागला. शिसं फासलं जात होतं, कागद चुरगळत होता.

दार उघडलं. मास्क खाली ओढत सर्जन बाहेर आले.

मेहुणी ताडकन उठली. तो नाही उठला.

"एक मिनिट, डॉक्टर," तो म्हणाला. "थांबा. अजून सांगू नका."

सर्जन थबकले. मग त्याच्यासमोर उकिडवे बसले. "अहो, इकडे बघा. झालं नीट सगळं. शुद्धीवर येताहेत त्या."

मेहुणीला रडू फुटलं. तो नुसती मान हलवत राहिला. हात काही थांबेना.

"भावोजी, पुरे आता. दिसतेय की वाट."

"अरुंद आहे गं," तो म्हणाला. "अशक्त असेल ती. धरून आणावं लागेल."