गूळपाणी

नदीच्या वरच्या अंगाला कारखाना असलेल्या शेठनी विद्यापीठाला पाणी तपासायची गाडी देणगी दिली, म्हणून तर सावित्रीकाठच्या वाडीतली विहीर एकदाची तपासली गेली. तपासणारी शर्मिला याच वाडीची लेक. सकाळी निकाल पाहिल्यापासून तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण कुणाला सांगायच्या आत शेठ प्राध्यापक नि फोटोवाल्याला घेऊन स्वतःच्या सत्काराला तिच्या अंगणात हजर झाले. तिच्या आईने रीतीप्रमाणे त्यांच्यापुढे गूळपाणी धरलं. शेठनी गूळ तोंडात टाकला, पेला तसाच परत केला. “घोटभर तरी घ्या, सायेब. आमच्या विहिरीचं हाय.” “तहान नाही,” शेठ घाम पुसत म्हणाले. “पाव्हन्यापुढं धरलेलं पानी फेकायचं नाय,” म्हणत आईने पेला स्वतःच्याच ओठांना लावला. शर्मिलाने झेपावून तो उडवला. पेला खणखणत अंगणभर घरंगळला. प्राध्यापक दचकले, फोटोवाला दचकला, आई तर थिजलीच. शेठ तेवढे दचकले नाहीत. गूळ चघळत ते शर्मिलाकडे बघत राहिले.