बर्फावरची मोटार

हवामान बदलाचा धडा शाळेतून काढून टाका, असा ऑर्विल लुंडक्विस्ट यांचा अर्ज शाळा मंडळापुढे आला, आणि सभेत उभं राहायला जागा उरली नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधलं आमचं हे गाव दर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर एक भंगार मोटार उभी करतं आणि बर्फ वितळून ती कधी बुडेल यावर पैजा लावतं. पन्नास वर्षं ती तारीख टिपून ठेवणारे पंच म्हणजे हेच ऑर्विल.

विज्ञानाच्या इंग्रिडबाईंनी आपली बोलण्याची तीन मिनिटं ऑर्विलच्याच नातीला, नववीतल्या मेसीला दिली. ती फळ्यावर सालवार मोटार बुडाल्याच्या तारखांचे ठिपके मांडू लागली.

"एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, तीस एप्रिल."

"अठ्ठावीस गं, येडे!" ऑर्विल ओरडले.

"मग तुम्हीच मांडा ना, आजोबा!"

ते तरातरा पुढे आले, खडू हिसकावला. "नव्वद साली एकवीस. त्या वर्षी मोटारीऐवजी निळा ट्रक होता!"

"माझ्या लग्नाच्या साली?" मागून कुणीतरी ओरडलं. "दोन हजार सहा!"

"नऊ एप्रिल! आणि तू पैज हरला होतास!"

सगळी सभा उठून सालं पुकारू लागली. ठिपके एप्रिलमधून हळूहळू मार्चमध्ये उतरत गेले.

"ऑर्विल, तारखा खऱ्या ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"खऱ्या म्हणजे? एकेक मी तळ्यावर उभं राहून लिहिलीय!" असं म्हणत ते फळ्याकडे वळले, आणि बघतच राहिले.

"मग अर्जाचं काय करायचं?"

ऑर्विलनी खडू खाली ठेवला. मग इंग्रिडबाईंवर डाफरले, "काय हो बाई, तुमच्या धड्यात आमचं तळं का नाही?"